दोन पासबुकांचा हिशेब

आमच्या लायन्स क्लबची बँकेत दोन खाती आहेत. पहिलं खातं प्रशासनाचं. सभासदांची वर्गणी त्यात येते आणि सभेचा चहा, हॉलचं भाडं, बॅनर, पदग्रहणाचं जेवण, पाहुण्यांची शाल-श्रीफळं असलं सगळं त्यातून जातं. दुसरं खातं सेवेचं. गावातून पावती फाडून जे जमतं ते तिथं जातं. दुसऱ्या खात्यातला एक रुपयाही पहिल्यात आणायचा नाही, असा नियम. लोकांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दिलेल्या पैशातून आमच्या ताटातलं श्रीखंड निघता कामा नये. हा नियम आमच्या गावाने केलेला नाही, जगभरच्या लायन्स क्लबांचा आहे. क्लब खरा की नुसता फोटोपुरता, हे ओळखायला मला एवढी दोन पासबुकं पुरतात.

मी क्लबची खजिनदार. त्याआधी नोकरीभर सहकारी बँकेत कॅशियर होते. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यात आमचं तालुक्याचं गाव आहे. पुढं थोडक्या अंतरावर कर्नाटक. निवृत्त झाल्यावर शेजारचे कापडदुकानदार घरी आले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही काही करू नका, फक्त आमच्या वह्या बघा." वह्या बघणं हे "काही करणं" नसतं असं समजणारी माणसं मी बँकेतही भरपूर पाहिली होती, म्हणून हसून हो म्हटलं. त्या वह्यांमधूनच मला क्लब कळला.

बाहेरून दिसतं ते जरा मजेशीरच असतं. कोट, छातीवर पिना, सभेच्या सुरुवातीला घंटा, हातोडा, प्रत्येकाच्या नावामागे "लायन". आमचे पिठाच्या गिरणीचे मालक सभेत "लायन" होतात आणि सभा संपली की पुन्हा गिरणीवाले दादा. गावातली पोरं चेष्टा करतात आणि त्यात काही चूक नाही. एकत्र येऊन गावाचं काम करणं आपल्याला कुणी परदेशातून शिकवायला नको होतं. पुण्यात १८७० मध्ये सार्वजनिक सभा उभी राहिली, गावोगाव तालमी, वाचनालयं, गणेश मंडळं आहेत, आणि वारीत दिंडीला जेवू घालणारी घरं तर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मग हा कोट कशाला, असं मलाही वाटायचं. अजूनही थोडं वाटतं. पण तालमीच्या जमाखर्चाची वही कुणी तपासल्याचं मी ऐकलेलं नाही आणि इथं दरमहा मला ती सगळ्यांसमोर वाचावी लागते.

या क्लबाचं मूळ शिकागोतलं. मेल्विन जोन्स नावाचा विमा व्यावसायिक तिथल्या एका व्यापारी मंडळात होता. दुपारी एकत्र जेवायचं आणि एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून द्यायचं, एवढंच त्या मंडळाचं काम. एवढी कर्तबगार माणसं आठवड्याला जमतात ती नुसती धंद्यासाठीच का, असा प्रश्न त्याने काढला. १९१७ च्या जूनमध्ये वेगवेगळ्या मंडळांची माणसं शिकागोत भेटली आणि ऑक्टोबरमध्ये डलासला पहिलं अधिवेशन भरलं. तिथं एक ठराव झाला, तो मला घटनेतल्या सगळ्या मोठ्या शब्दांपेक्षा मोलाचा वाटतो: सभासदांचा आर्थिक फायदा हा कोणत्याही क्लबचा उद्देश असणार नाही. दोन खात्यांची गोष्ट त्याच वळणाची आहे. रोटरी त्याहून थोरली, १९०५ ची, तीही शिकागोचीच. भारतात लायन्सचा पहिला क्लब १९५६ मध्ये मुंबईत निघाला. आज जगात सभासद चौदा लाखांच्या आसपास आहेत. या सगळ्यांचा अध्यक्ष २००५-०६ मध्ये मुंबईचा माणूस होता, अशोक मेहता. बायकांना मात्र सभासद व्हायला १९८७ साल उजाडावं लागलं. तोवर आम्ही तिळगूळ समारंभापुरत्या. पहिली स्त्री आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाली २०१८ मध्ये, आइसलंडच्या गुड्रून इंग्वादोत्तिर.

सभेत एक पद असतं, टेल ट्विस्टरचं. उशिरा आलात, पिन लावायला विसरलात, मोबाईल वाजला की तो उठून दंड करतो. आमच्याकडे हे काम एका इलेक्ट्रिशियनकडे आहे आणि त्यांच्यासारखा चावरा माणूस तालुक्यात नाही. या पदाचे नियम मला फार आवडतात. एका सभेत एकाच माणसाला दोनदाहून जास्त दंड नाही. त्याच्या निर्णयावर अपील नाही. खुद्द त्याला दंड करायचा तर हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत लागतं, आणि जमलेले पैसे लगेच खजिनदाराकडे देऊन पावती घ्यायची. डॉक्टर, वकील, मोठे बागायतदार एका वायरमनसमोर निमूट खिशात हात घालतात, हे दृश्य आमच्यासारख्या गावात एरवी कुठं दिसणार?

वर्गणीबद्दल लोक विचारतात. ती गावागणिक वेगळी, कारण हॉल आणि जेवणाचा खर्च गावागणिक वेगळा. पण तिच्यातला आंतरराष्ट्रीय हिस्सा डॉलरमध्ये ठरतो आणि वर्षातून दोनदा भरावा लागतो. रुपया घसरला की शिकागोपासून इतक्या लांब बसलेल्या आमच्या गिरणीवाल्या दादांच्या खिशाला चाट बसते. ते समजावून सांगायचं काम माझं. देणगीदारांसाठीही एक गोष्ट सांगून ठेवते, कारण दरवर्षी मार्चमध्ये यावरून वाद होतो. आयकरातली ८०जी ची सवलत हवी असेल तर दोन हजारांवरची देणगी रोखीत देऊन चालत नाही, आणि पावती ज्या संस्थेची किंवा ट्रस्टची, तिला ८०जी ची मान्यता असावी लागते. क्लबच्या साध्या पावतीवर ती मिळेलच असं नाही. आधी विचारा, मग चेक फाडा.

आता डोळ्यांकडे येते, कारण लायन्सचं मुख्य काम तेच. १९२५ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या सीडर पॉइंटला अधिवेशन होतं. तिथं हेलन केलर आल्या आणि अंधत्वाविरुद्धचं काम हाती घ्या, असं आवाहन त्यांनी केलं. तेव्हापासून हे काम चिकटलं ते चिकटलंच. अंधांच्या हातातली पांढरी काठी सर्वदूर पोचवण्यातही क्लबचा हात होता. १९३० मध्ये पिओरियातल्या एका लायनने रस्ता ओलांडताना चाचपडणारा अंध माणूस पाहिला. काळी काठी गाडीवाल्यांना दिसत नाही, हे त्याच्या लक्षात आलं, आणि मग काठ्या पांढऱ्या रंगवून वाटायला सुरुवात झाली.

आमच्या भागात मोतीबिंदूचं शिबिर म्हणजे काय, ते सविस्तर सांगते. पूर्वी शाळेच्या वर्गातच बाकं जोडून ऑपरेशनं व्हायची. जंतुसंसर्गाच्या भीतीने ते बंद झालं, हे फार बरं झालं. आता गावात फक्त तपासणी होते आणि ऑपरेशनसाठी पेशंटला मिरजेच्या रुग्णालयात न्यायचं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे, त्यातून संस्थांच्या रुग्णालयांना ऑपरेशनमागे अनुदान मिळतं. ऑपरेशन असं वीस मिनिटांचं. धूसर झालेलं भिंग काढायचं, कृत्रिम बसवायचं. सर्जन, औषधं, भिंग या सगळ्याची सोय रुग्णालय करतं. मग क्लब काय करतो? मीही पहिल्यांदा हेच विचारलं होतं.

क्लब माणसं आणतो आणि परत पोचवतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं. तपासणीला सकाळी सातपासून रांग लागते. धोतर-पटका, नऊवारी, हातात रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स. झेरॉक्स नसतेच, म्हणून झेरॉक्सवाल्या पोराला आम्ही क्लबचा सभासद करून घेतला. अक्षरं न येणाऱ्यांसाठी तोंडं वेगवेगळ्या दिशांना वळवलेला "ई" चा तक्ता असतो, त्यांनी बोटांनी दिशा दाखवायची. निम्मी म्हातारी माणसं सीमेकडच्या गावांची, ती घरात कानडी बोलतात. "बोट कुठं वळलंय ते दाखवा" हे त्यांना मराठीत सांगून समजत नाही, आणि मग नजर चांगली असूनही ती नापास होतात. एक किराणा दुकानदार या कामासाठी दिवसभर तक्त्याशेजारी उभे राहतात. त्या दिवशी त्यांचं दुकान बंद असतं. त्याची नोंद माझ्या कुठल्याच पासबुकात होत नाही.

मग गळती सुरू होते. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, अश्रूंची नळी बंद. यांना आधी औषध, ऑपरेशन नंतर. त्यातून उरतात त्यांची वेगळीच कारणं. "मोतीबिंदू अजून पिकला नाही" हा समज अजून गेलेला नाही. पूर्वीच्या पद्धतीत त्याला काही अर्थ होता. आता नाही. उलट फार थांबलं तर ऑपरेशन अवघड होतं. कुणाला ज्वारीची काढणी, कुणाला मेंढरं. एक आजी गाडीत बसल्या आणि उतरल्या. "रात्री म्हस कोण पिळणार?" त्या एकट्या राहतात, म्हैस दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. आमचे सेक्रेटरी त्यांच्या वस्तीवर गेले, शेजारच्या सुनेला पुढच्या खेपेपर्यंत आजीबरोबर रोज धारेला बसवायचं ठरवून आले. आजी त्या पुढच्या खेपेला गेल्या. अध्यक्षांनी अहवालात फक्त "एक लाभार्थी" लिहिलं. अहवालात म्हशीसाठी रकाना नसतो.

गाडीत बसण्याआधी डोक्यावरून आंघोळ करून या, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण नंतर बरेच दिवस डोक्यावरून पाणी घेता येत नाही. ऑपरेशननंतर चुलीचा धूर नको, वाकून जड उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी निघते तेव्हा वॉर्डात एक गलका उठतो. फोटो तिथं काढतात, आणि तो काढावाच, माणसं खरंच हसत असतात. पण शिबिराचं खरं काम तिथून पुढं असतं. थेंब महिना-दीड महिना घालायचे असतात, सुरुवातीला दिवसातून बऱ्याच वेळा, मग हळूहळू कमी. आठवड्याने एक तपासणी, महिन्याने दुसरी, मग चष्म्याचा नंबर. वस्तीवर एकटं राहणारं माणूस स्वतःच्या डोळ्यात थेंब कसं घालणार? ते गालावरून ओघळतात आणि बाटली तीन दिवसांत संपते. म्हणून आम्ही फोनची यादी करतो. प्रत्येक सभासदाच्या वाट्याला काही पेशंट. त्याने नातू, सून, आशाताई, कुणाला तरी फोन करून विचारायचं: आज थेंब घातले का, डोळा लाल आहे का, दुखतोय का? दुखत असेल तर "बघू उद्या" नाही, त्याच दिवशी गाडी. आमच्या टेलरमामांच्या यादीतला एकही पेशंट तपासणीला चुकत नाही. ते कपडे शिवता शिवता फोन कानाला लावून बोलतात. याउलट मोठ्या देणग्या देणाऱ्या दोघातिघांची यादी दरवेळी मीच पूर्ण करते. त्यांची नावं लिहिणार नाही, टेल ट्विस्टरला ती माहीत आहेत.

चाळिशीनंतर जवळचं न दिसणं हा मोतीबिंदू नव्हे. त्याला साधा वाचायचा चष्मा लागतो आणि तो स्वस्त असतो. तांदळातले खडे, सुईत दोरा, मोबाईलचे आकडे, एवढ्याने बाईचा दिवस बदलतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक दृष्टिदिन असतो, तोही लायन्सच्याच पुढाकाराने सुरू झाला. त्या आठवड्यात आम्ही फक्त चष्म्यांचा कार्यक्रम करतो. माझ्या मते खर्चाच्या मानाने यापेक्षा जास्त फळ देणारं दुसरं काम आमच्याकडे नाही. पण त्यात ऑपरेशनसारखं नाट्य नसल्यामुळे वर्तमानपत्रात छापून येत नाही.

ऑगस्ट २०१९ ची गोष्ट सांगायलाच हवी. त्या उन्हाळ्यात आमच्या बाजूला चारा छावण्या होत्या, प्यायला टँकर. आणि ऑगस्टमध्ये त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला कृष्णा चढली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांवर. आमच्याकडे तेव्हाही टँकरच चालू होते. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या वस्त्यांवरच्या बायकांनी पूरग्रस्तांसाठी भाकरी थापल्या. कडक भाकरी, कारण ती टिकते, आणि शेंगदाण्याची चटणी. आमच्या क्लबच्या हॉलमध्ये पोती लागली.

मदतीचा पूर आला की पहिल्या दोन दिवसांत जुन्या कपड्यांचे डोंगर उभे राहतात. फाटक्या साड्या, एका पायाच्या चपला. ते निवडायलाच माणसं लागतात आणि शेवटी बरंचसं फेकावं लागतं. सांगलीतल्या क्लबच्या लोकांना आम्ही फोन केला: तुम्हाला काय नको ते आधी सांगा. त्यांची यादी आली. नको: जुने कपडे, शिजवलेलं ओलं अन्न. हवं: नवीन अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, मेणबत्त्या, काडेपेट्या, टूथब्रश. आणि पाणी ओसरल्यावर लागणाऱ्या गोष्टी: खराटे, फावडी, ब्लीचिंग पावडर, फिनेल, गमबूट, शाळेची पुस्तकं. फोटोत सगळ्यात वाईट दिसणारी वस्तू म्हणजे खराटा. अध्यक्षांना खराट्यांच्या ट्रकपुढे उभं राहणं जड गेलं, पण राहिले. हार्डवेअरवाल्यांनी खरेदीच्या किमतीत माल दिला, ट्रक एका बेदाणा व्यापाऱ्याचा. प्रत्येक व्यवसायातलं माणूस क्लबात असावं हा जुना आग्रह का, ते मला त्या आठवड्यात कळलं. धंदा मिळावा म्हणून शिकागोत जमलेल्या मंडळीचा हिशेब शंभर वर्षांनी इथं असा उपयोगी पडला.

रक्तदानाचं थोडक्यात. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस, या दिवशी तालुक्यात शिबिरंच शिबिरं. एका दिवशी ढीग जमून उपयोग नसतो. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स अवघे पाच दिवस. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, ऊन मी म्हणतं, तेव्हा रक्तपेढ्या रिकाम्या होतात. त्यामुळे आमचं शिबिर मेमध्ये, पंखे भाड्याने आणून. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा. पुरुषांनी तीन महिन्यांनी, स्त्रियांनी चार महिन्यांनी पुन्हा द्यायला हरकत नाही. पैसे घेऊन रक्त देणं १ जानेवारी १९९८ पासून देशभर बंद आहे. पण भेटवस्तूंची चढाओढ मात्र वाढत चालली आहे. कुठं बॅग, कुठं हेल्मेट. मी खजिनदार असेपर्यंत आमच्याकडे लिंबू सरबत आणि बिस्किटं.

पोलिओचं श्रेय रोटरीचं, ते त्यांनाच द्यायला हवं. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला सापडला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या काळात आमच्या एसटी स्टँडवरच्या बूथवर दोन्ही क्लबांची माणसं एकाच टेबलाशी बसायची.

सभासद कसं व्हायचं? सज्ञान असावं लागतं, नाव चांगलं असावं लागतं, आणि एखाद्या सभासदाने नाव सुचवावं लागतं. वर्ष १ जुलैला सुरू होतं. येण्यापूर्वी एका सभेला नुसतं पाहुणे म्हणून येऊन बसा, आणि खजिनदाराला दोन्ही खात्यांची शिल्लक विचारा. सांगायला टाळाटाळ झाली तर चहा पिऊन घरी जा.

कोट-पिना नकोशा वाटत असतील तर सभासद न होताही येता येतं. आमच्या फोनच्या यादीत दरवर्षी पाच-सहा बाहेरची माणसं असतात: एक निवृत्त शिक्षिका, एसटीचे एक कंडक्टर, बारावी झालेली दोन-तीन पोरं. यादी दिवाळीनंतर तयार होते. कानडी येत असेल तर आधी सांगा, तक्त्याशेजारी आणखी एक माणूस लागतंय.